बत्तीवाल्या आक्का

बिघाड शोधताना आक्का डोळे मिटून घ्यायच्या. गाडीचं बॉनेट उघडं, त्यात कोपरापर्यंत हात घातलेला, वायर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलेली, आणि चेहरा देवापुढे उभं राहिल्यासारखा शांत. वायर कुठे गरम लागते, कुठे आतून तुटून मऊ पडली आहे, हे त्यांना बोटांनी कळायचं. शेजारी उभा असलेला ड्रायव्हर काही बोलायला गेला की त्या डोळे न उघडताच म्हणायच्या, "थांब ना गा, ऐकून राहिली मी."

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. मी लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. कामठी रोडवर आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच सासऱ्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. सासऱ्यांचे हात थरथरू लागले, मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कळमेश्वरला कारखान्यात नोकरी धरली, आणि दुकान आक्कांच्या हातात आलं. साडीवर वडिलांचा जुना खाकी शर्ट चढवून त्या कामाला बसायच्या. नवखा ड्रायव्हर आत डोकावून विचारायचा, "मिस्त्री कुठी आहे, बाई?" स्क्रू ओठांत धरलेले असायचे, तशाच त्या सांगायच्या, "मिस्त्रीच बोलून राहिली. गाडी सावलीत घ्या."

त्या काळात जीप-अँबेसिडरला पुढे जास्तीच्या पिवळ्या बत्त्या लावायची मोठी हौस होती. बाजारातून बत्त्या आणायच्या आणि मूळच्या दिव्यांच्या वायरला जोडून मोकळं व्हायचं. मग बटण तापायचं, जळका वास यायचा आणि सगळ्याच बत्त्या मिणमिणायच्या. आक्का हताश होऊन म्हणायच्या, "एकाच्या ताटात चौघं जेवायले बसवले. मग पोट कोणाचं भरीन?" त्या बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढायच्या, मध्ये फ्यूज आणि रिले बसवायच्या, म्हणजे बटणावर भार पडत नसे.

एकच बत्ती मंद जळत असेल, तर त्या बल्बला हात लावायच्या आधी बत्तीला गाडीच्या पत्र्याशी जोडणारं अर्थिंग बघायच्या. बहुतेक वेळा स्क्रूखाली रंगाचा नाहीतर गंजाचा थर निघायचा. "रंगावरच बसवली बत्ती! रंगातून करंट जाते का गा?" असं म्हणत त्या पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडायच्या. हे सगळं मी दुपारी चहा घेऊन जायची तेव्हा ऐकलेलं. नवरा सकाळी जायचा तो संध्याकाळी परतायचा. नव्या गावात माझं असं कोणी नव्हतं. आक्का मला स्टुलावर बसवायच्या, हातात टेस्टिंगचा बल्ब द्यायच्या आणि म्हणायच्या, "सुमन वं, पेटला की सांगजो." बल्ब पेटला की मी लहान मुलीसारखी ओरडायची, आणि त्या हसायच्या.

पारशिवनीचे श्यामराव पहिल्यांदा आले ते असेच एका दुपारी. ते सवारी जीप चालवायचे. रस्ता धुळीचा, समोरच्या ट्रकला जीप दिसायची नाही, म्हणून त्यांना दिवसाही पुढच्या छोट्या बत्त्या पेटत्या हव्या होत्या. गाडी बंद केल्यावर बत्त्या विझवायचं विसरून बॅटरी उतरू नये, म्हणून किल्ली फिरवली की पेटाव्यात आणि काढली की विझाव्यात, असं त्यांनी कोणाकडून तरी करून घेतलं होतं. पण आता बत्त्या पेटल्या की इंजिनच झटके देत होतं.

दोन मिस्त्र्यांनी कार्बोरेटर खोलून पाहिला होता. आक्कांनी बत्तीची वायर धरली आणि डोळे मिटून तिच्यामागे मागे गेल्या. ती थेट इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला जाऊन मिळाली होती. "कॉइलच्या तोंडचा घास काढून बत्तीले दिला," त्या म्हणाल्या. "इंजिन झटके नाही देईन तर काय करीन?" त्यांनी ती जोड काढली, बत्त्यांना बॅटरीवरून वेगळी वायर दिली आणि रिले तेवढा किल्लीने चालेल असा बसवला. जीप सुरू झाली. भर उन्हात त्या लहानशा बत्त्या पेटल्या आणि इंजिन एकसारखं चालू लागलं. श्यामराव जीपकडे पाहत नव्हते. ते आक्कांकडे पाहत होते.

त्यानंतर त्यांच्या बत्त्या फार बिघडू लागल्या. कधी डावी, कधी उजवी. सगळ्या ड्रायव्हरांना 'भाऊ' म्हणणाऱ्या आक्का त्यांना मात्र 'श्यामराव' म्हणायच्या, हे माझ्या लक्षात आलं होतं. एकदा आक्का जीपखालून बाहेर आल्या आणि पदराने हात पुसत म्हणाल्या, "श्यामराव, धक्क्याने वायर तुटते. ही पान्याने खोललेली आहे."

श्यामराव चपलेकडे बघत राहिले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावात ते आणि म्हातारी आई, एवढंच घर. "बत्ती चांगली राहिली तर मले इथं यायले कारण नाही उरत," ते म्हणाले.

आक्का पुन्हा वाकल्या. स्क्रू आवळता आवळता म्हणाल्या, "कारण लागतेच काय?"

मी चहाचे कप घेऊन आत पळाले.

श्यामरावांनी रीतसर मागणी घातली. सासऱ्यांचा त्यांच्यावर राग नव्हता. रात्रीच्या जेवणाला ते एवढंच म्हणाले, "मंग दुकान कोण पाहीन?" माझा नवरा मान खाली घालून जेवत राहिला. आक्का म्हणाल्या, "मी कुठं जाऊन राहिली, बाबा," आणि भात वाढून घेतला. पण तो भात त्यांच्या ताटात तसाच राहिला.

तोपर्यंत मी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. "मामाजी," मी म्हटलं, "आक्कांनी इतकी वर्षं तुमचे हात होऊन काम केलं. आता त्यांना स्वतःसाठी जगू द्या." सासरे उठून गेले. सकाळी त्यांनी स्वतः फळ्या लावून दुकान बंद केलं, माझ्याकडे पाहून "पारशिवनीले निरोप पाठवा" म्हणाले, आणि अंगणात खाटेवर जाऊन पडून राहिले.

लग्न साधंच झालं. जीपमध्ये बसताना आक्का रडल्या नाहीत. रडले मीच. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तो खरखरीत, बोटांच्या टोकांना काळपट हात. "काहून रडते वं?" त्या म्हणाल्या. "तूच पाठवून राहिली ना मले!" त्या हसल्या. मला मात्र ते हसणं सोसवलं नाही. माझं म्हणणं मान्य झालं होतं, आणि माझी घरातली एकुलती सोबत त्याच बोलण्याने निघून चालली होती.

पुढे दुकान एका शिंप्याने भाड्याने घेतलं. दुपारी मशीनचा आवाज यायचा, आणि मी आतल्या खोलीत उगाच ताटकळत बसायची. पारशिवनीला गेले की आक्का मला शेतात न्यायच्या, संत्री खायला घालायच्या, पण वायरिंगबद्दल बोलायच्या नाहीत. त्या सुखात होत्या, यात शंका नव्हती. एकदा मी विचारलंच, "काम आठवत नाही का, आक्का?" त्यांनी संत्र्याची फोड सोलून माझ्या हातावर ठेवली. "हाताले आठवते," त्या म्हणाल्या. "मी नाही आठवत."

त्या तापाने गेल्या. अगदी अचानक. तेराव्याला मी पारशिवनीला गेले तेव्हा गावातल्या बाया माजघरात बसल्या होत्या. कोणी त्यांच्या हातच्या वड्यांबद्दल बोलत होतं, कोणी त्यांनी सासूची कशी सेवा केली ते सांगत होतं. सगळं खरं होतं. पण ज्या बाईसाठी माझा जीव तुटत होता, तिला त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या एका सुनेने मला विचारलं, "लग्नाआधी नागपुरात काय करत होत्या वं त्या?"

मी सांगू लागले. खाकी शर्ट, ओठांतले स्क्रू, मिटलेले डोळे. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ते पाहून मी मधेच थांबले. बाहेरच्या ओसरीवर श्यामराव पाव्हण्यांबरोबर बसले होते. ते उठून आले आणि उंबऱ्यावर बसले.

"थांबू नका, वैनी," ते म्हणाले. "मलेही ऐकू द्या."