म्हशीची पावडर

हर्सूलच्या तळ्याकडं आता बंगले झाले, लोखंडी गेटं झाली, सकाळी माणसं कुत्री फिरवत्यात. इथं कडूबा धनगर मेंढरं चारायचा म्हणलं की नव्या सुना एकमेकींकडं बघून हसत्यात. म्हातारी बरळती म्हणं! बरळंना का. मी मनकर्णा, बन्सी पाटलाची बायको. ह्या डोळ्यांनी बघितलंय आन् मी सांगणार.

कडूबाला शेत नव्हतं. आमच्या रानात पीक निघालं की त्याची काळी मेंढरं येऊन बसायची. रानाला खत मिळायचं, त्याला आमच्याकडून दाणे मिळायचे. माझ्याहून लहान, मला वैनी म्हणायचा. लई बोलका होता तेव्हा. आन् त्याची बायको सखू, तिच्याबद्दल काय सांगू! हसली की डोळेच दिसायचे नाय. देवानं एक पोर मातर दिलं नाय बिचारीला.

सखूला माती खायची खोड होती. आमच्या मागच्या भिंतीचा पोपडा काढायची आन् गूळ खावा तशी खायची. बायका खिदळायच्या, "काय गं सखू, डोहाळे लागले वाटतं!" ती लाजायची. नुसती लाजायची नाय, खरं मानायची! पोटावर हात ठेवून बसायची, मला हळूच म्हणायची, "वैनी, ह्या टायमाला व्हईल बघा." महिने जायचे, काही नाय. भिंतीला भोक तेवढं वाढत जायचं. त्या खिदळणाऱ्या बायकांच्या थोबाडीत द्यावी असं आजबी वाटतं मला.

मग तिला दम लागायला लागला. ओठ पांढरे, नखं खोलगट झाली. लोक म्हणले, पहिलटकरणीला व्हतं असं. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा कडूबानं तिला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, मी संगं होते. डॉक्टरीण बाईनं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आन् विचारलं, "माती खाते का ही?" मी व्हय म्हणलं. ती म्हणाली, "हे डोहाळे नाहीत हो. अंगात लोह कमी पडलं की अशी माती खावीशी वाटते. माणसाला लोह लागतं कणभर. हिला तेवढंसुद्धा मिळालेलं नाही." रक्त चढवलं, सगळं केलं त्यांनी. पर लई उशीर झाला होता. सखू गेली.

कडूबा आमच्या ओट्यावर येऊन बसला. रडला नाय. म्हणला, "वैनी, कणभर कमी होतं म्हणं." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणला. मी चहा टाकला.

तवापासून तो माणसांतून उठला. बाजारात जायचा नाय, कुणाच्या लग्नात जेवायचा नाय. बोलायचा फकस्त मेंढरांशी. त्यात एक कानाला पांढरा ठिपका असलेली मेंढी होती. आई मेल्यावर सखूनं तिला बोळ्यानं दूध पाजून वाढवलेली. तिला तो दिवसभर काय काय सांगायचा. मी एकदा चिडून म्हणलं, "आरं बाबा, दुसरी बायको कर. माणसासंगं बोल जरा." तर त्या मेंढीकडं बोट करून म्हणतो, "आन् हिला काय सांगू?" घ्या! असल्या माणसाला काय शहाणपण शिकवणार?

धनगरांच्यात दर अमावस्येला मेंढरांना मीठ देत्यात. सपाट दगडावर मीठ पसरायचं, मेंढरं चाटत्यात. घरच्या बाईनं द्यायचं असतं ते. सखू गेल्यावर कडूबा द्यायला लागला. पुढच्या वेताला एक कोकरू असं झालं की मागचे पाय ओढायचं, उभंच राहीना. दोन-तीन दिवसांत मेलं. एकच कोकरू! पर कडूबाचं धाबं दणाणलं. "वैनी, ह्यांच्यात बी काहीतरी कणभर कमी हाय. मला कळतंय आता." तसाच उठला, शहागंजात गेला. सखू गेल्यापासून पहिल्यांदा शहरात गेला तो.

जनावरांना ताकदीसाठी देत्यात त्या पावडरची पुडी घेऊन आला. पुडीवर म्हशीचं चित्र. आमचे मालक म्हणले, "कडूबा, ही म्हशीची हाय रे. डॉक्टरला विचार." तर म्हणतो, "म्हशीला मानवती ती मेंढराला का नाय मानवायची? म्हशीला मूठ, मेंढराला चिमूट." ऐकणाऱ्याला पटावं असंच होतं ते. आन् अमावस्येची वाट बघायला तो तयार नव्हता. रोज सकाळी मिठात पावडर कालवून दगडावर पसरायचा. एखादं मेंढरू चाटाया आलं नाय तर त्याला धरून, जबडा उघडून तोंडात घालायचा. चिमटीचा हळूहळू पसा झाला असंल. कुणी उपाशी राहू नये म्हणून आई करती ना, तसं चाललं होतं त्याचं.

आन् मेंढरं तुकतुकीत झाली की हो! कडूबाच्या तोंडावर तेज आलं. एक दिवस आपणहून ओट्यावर आला, म्हणला, "सखू असती तर तिनं ही बघितली असती." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी त्याला बसवून गरम भाकरी वाढली. जेवला पोटभर.

पुढं लोकर कातरायचे दिवस आले. सखूचा भाऊ कारभारी फुलंब्रीकडून आला. कातरायच्या आधी मेंढरं तळ्यात धुवायची रीत हाय. दोघांनी मेंढरं पाण्यात लोटली, बाहेर काढली, दुसऱ्या दिवशी पाय बांधून कातरली. दमली मेंढरं. त्याच आठवड्यात मरायला लागली. डोळे पिवळे, मूत काळ्या चहावाणी, मान टाकली की खलास. कुणी म्हणलं नजर लागली, कुणी म्हणलं तळ्याचं पाणी बाधलं. कडूबाला वाटलं, अशक्तपणा आला. काय करावं त्यानं? पावडर वाढवली!

जनावराच्या डॉक्टरला आमचे मालक घेऊन आले तवा अर्धी मेंढरं गेली होती. डॉक्टरनं एक मेलेलं मेंढरू फाडलं, आत बघितलं, मग ती पुडी हातात घेतली. भला माणूस होता, ओरडला नाय. "ह्यात तांबं आहे बाबा. तांबं मेंढराला लागतं, नाही मिळालं तर कोकरू पाय ओढतं, तेही खरं. पण अगदी कणभर. म्हशीला जेवढं पचतं तेवढं मेंढराला पचत नाही. ते लिव्हरमध्ये साठत राहतं, वरून जनावर छान दिसतं. मग धुणं, कातरणं, असा ताण पडला की सगळं एकदम रक्तात उतरतं." कडूबानं विचारलं, "म्हंजे मीच मारली?" डॉक्टर म्हणला, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं." कडूबानं पुन्हा तेच विचारलं. डॉक्टरनं ती पुडी आपल्या पिशवीत टाकली.

पावडर बंद झाली. आणखी काही गेली, मग मरण थांबलं. वाचली त्यात ती ठिपक्याची मेंढी होती. ती चरायला लागली तशी मी म्हणलं, सुटला एकदाचा. पर कडूबा त्यांना हात लावीना. दुरून हाकायचा. पाणी पाजायला आमच्या गड्याला बोलवायचा. आन् एक दिवस त्यानं कारभारीला सांगावा धाडला, सगळी घेऊन जा म्हणून.

कारभारी आला तो भांडायलाच. "दाजी, वाचली ना? मग ठेवा की! तुम्ही एकटे काय करणार हितं?" कडूबा म्हणला, "सखूला कमी पडलं ते मला कळलं नाय. ह्यांना जास्ती झालं ते बी कळलं नाय. माझ्या हाताला मापच नाय, कारभारी. उरली ती तरी जगू दे." मी तोंडाला पदर लावला. मला राग आला होता, त्याचा, पुडीचा, देवाचा, कुणाचा म्हणून सांगू.

मेंढरं कारभारीच्या मागं जाईनात. रस्त्याला लागली, वडाजवळ गेली आन् फिरून उभी राहिली. पुढं ठिपक्याची. ओरडायला लागली ती, तिचं बघून सगळी. कारभारी काठी आपटतोय, शिव्या देतोय, एक हलंना. कडूबा माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसला होता, दोन्ही हातांनी तोंड दाबून.

मला राहवलं नाय. म्हणलं, "मेल्या, ऐकू येतंय ना? एक हाळी दे. पळत येतील माघारी!"

त्यानं तोंडावरचा हात जरासा काढला.

"येतील वैनी," म्हणला, "म्हणून तर देत नाय."