हात दाखव आधी

वाशिमच्या वाचनालयातला तो कारकून नव्या पुस्तकांना खाकी कव्हर घालतो आणि कपाटात कुलूप लावून ठेवतो. विचारलं तर म्हणतो, "लोकं हात लावतेत अन् खराब करतेत." किल्ल्या दिवसभर बोटावर फिरवत बसतो.

परवा अनसिंगची भाजीवाली बाई बाजार आटोपून आली. रीतसर सभासद आहे ती. तिनं पुस्तक मागितलं, तर हा म्हणाला, "हात दाखव आधी." मेथीच्या जुड्या बांधून तिची बोटं हिरवी झाली होती.

"धुऊनच आली मी भाऊ, रंगच जात नाही."

त्यानं पुस्तक दिलं नाही.

माझं डोकं फिरलं. तिच्या जरा आधीच मला त्यानं पुस्तक दिलं होतं, हात न बघता. माझ्या बोटांना कचोरीचं तेल होतं. तिच्यासमोर ते त्याला दाखवायला हवं होतं. मी बोटं पँटला पुसली.