चहाच्या रांगेतली माझी जागा

शनिवारी सकाळी वोल्फ्सबुर्ग स्टेशनवर गुंटरकाका माझ्या आधी हजर. वय त्रेसष्ट, कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, हातात बटाट्याच्या सॅलडचा डबा. मला बघताच ताठ उभे राहिले. "गुटन मॉर्गन, सीजे!"

सीजे म्हणजे थोरली गुरुबहीण. मी एकतीस वर्षांची. पण आमच्या कुंगफूच्या वर्गात मी त्यांच्या तीन आठवडे आधी नाव घातलं, आणि तिथे वय नाही, दाखल झाल्याचा दिवस मोजतात. मी त्यांची थोरली बहीण, ते माझे सीदाई (धाकटा गुरुभाऊ). 'काका' मी फक्त मनात म्हणते.

आज आम्ही हॅनोव्हरला आमच्या सीफूंना (गुरू, शब्दशः गुरुपिता) चहा द्यायला निघालो होतो. सीफूंनी तुमच्या हातचा चहा प्यायला, की तुम्ही नुसते वर्गाला येणारे राहत नाही, घरचे होता. ज्या क्रमानं ते चहा पितात, तोच क्रम जन्मभर राहतो. तीन वर्षं एक वर्ग चुकवला नव्हता मी. ही जागा मला हवी होती, सरळ सांगते.

कालवा मागे पडला, मोहरीसारखी पिवळी शेतं लागली. लेर्टेला गाडी थांबली ती थांबलीच. सगळे उतरले आणि बदली बसच्या रांगेत लागले. काका चिडले, "आल्झो, चाळीस वर्षं एकदाही शिफ्टला उशीर नाही केला, आणि आज बघ!"

सीफूंची शाळा एका टायरच्या दुकानामागच्या अंगणात आहे. भिंतीवर सीगुंगचा (गुरूंचे गुरू, म्हणजे आमचे आजोबा) फोटो. सीफू सत्तरीचे, तरुणपणी हाँगकाँगहून आलेले. शेजारी त्यांच्या पत्नी, आमच्या सीमो (गुरुमाता). एक दाढीवाला धिप्पाड नर्स, सगळ्यांचा सीहिंग (थोरला भाऊ), किटली सांभाळत होता. "आपापल्या क्रमानं या," तो म्हणाला.

आणि मी बाजूला झाले. ठरवून नाही. आमच्या घरात मोठ्यांच्या आधी कुणी पानावर बसत नाही. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, पण ते वळण काही कॉलेजात गेल्यानं सुटत नाही. हातानं खूण केली, आधी तुम्ही.

काकांना वाटलं, मी तयार नसेन. ते कण्हत गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी पेला उचलला. सीफूंनी हात पुढे केला. तेव्हा काकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि पेला परत छातीशी घेतला.

"नाही, सीफू. माझी थोरली बहीण मागे राहिलीय."

सीफूंनी मला विचारलं, "का गं, जागा नको तुला?"

"ते वयानं मोठे आहेत. आमच्याकडे मोठ्यांच्या पुढे जात नाहीत."

"चांगलंच आहे ते. पण तो चुकला तर त्याला सांगायचं कुणी?"

काका तसेच बसलेले. "लवकर ठरव, सीजे. हा गुडघा माझ्यापेक्षाही म्हातारा आहे!"

सीमोच आधी हसल्या. मी पुढे जाऊन बसले. पेला पुढे करताना थोडा चहा बशीत सांडला. सीफू उरलेला प्यायले. मग काकांचा प्यायले.

जेवायला पानात गुंडाळून वाफवलेला चिकट भात, आणि त्याच्या बाजूला काकांचं बटाट्याचं सॅलड. सीमोंनी माझी वाटी काकांच्या आधी भरली. आजवरची प्रत्येक जागा मी मार्कांवर मिळवली, कुणी माझ्यासाठी धरून ठेवली नव्हती. इथे ती एका माणसानं धरून ठेवली, आणि ती सोडून दिली असती तर फायदा त्याचाच होता.

परतीची गाडी चाळीस मिनिटं उशिरा. हॅनोव्हरच्या प्लॅटफॉर्मवर काका लोकांच्या बॅगांमधून वाट काढत एका मोकळ्या जागी गेले आणि पाय रोवून पवित्रा घेऊन उभे राहिले. डावी टाच उचललेली, गुडघा आत वळलेला. हे मी वर्षभर बघत होते. मोठ्या माणसाला काय शिकवायचं, म्हणून गप्प बसले होते. त्याला मी आदर समजत होते. त्या आदरापायी हा माणूस वर्षभर चुकीचं घोटत राहिला आणि गुडघा दुखवून बसला.

"गुंटर," मी म्हणाले, "टाच टेकव. गुडघा बाहेर."

"गेनाऊ? अगदी असा?"

"नाही. परत."

बाकावरची एक बाई आमच्याकडे टक लावून बघत होती. काकांनी पाय उचलला आणि पुन्हा रोवला. मी खाली बसून त्यांची टाच हातानं जमिनीला टेकवली.