ओरखडलेल्या तबकडीचं गणित

कुमुदताई गेल्याची तार मला नागपूरला मुलाकडे मिळाली. काशीला पोचेपर्यंत सारं उरकलं होतं. माझ्या वाट्याला आली ती कॉलेजातली शोकसभा. तिथे प्राचार्यांनी त्यांना ‘संगणकयुगाच्या अग्रदूत’ म्हटलं. याच माणसानं त्यांचा विषय बंद केला होता, आणि तेव्हाही त्याचा आवाज असाच ओलसर होता. आज काही आठवडे झाले, पण ती किळस जात नाही.

दुर्गाघाटावर आमची घरं समोरासमोर. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो, त्या गणित. संदेश वाटेत बिघडला तरी मूळ मजकूर कसा परत मिळवायचा, हा त्यांचा खास विषय. गल्लोगल्ली कम्प्यूटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, तेव्हा आमच्या कॉलेजातही कम्प्यूटर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला आणि खोलीला कुलूप लावलं. मग प्राचार्यांना साक्षात्कार झाला की हिशेब यंत्रच करणार, तर एवढं गणित हवंय कशाला?

ताईंचा विषय ठेवायचा की नाही, हे ठरवायला त्याच खोलीत बैठक झाली. ताई एक सीडी घेऊन आल्या. सगळ्यांदेखत टाचणीनं तिच्यावर ओरखडा काढला आणि ती कम्प्यूटरमध्ये घातली. शहनाई सुरू झाली, कुठेही न अडखळता.

‘‘खरवडलं ते गेलंच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण सूर आकड्यांत लिहिताना सोबत थोडे जादा आकडे लिहिलेले असतात. त्यांच्यावरून हरवलेले शोधून काढता येतात. हे मशीन मागाहून आलं, गणित आधी झालं. उद्याचे टेलिफोनही याच्याच जिवावर बोलणार आहेत.’’

मला वाटलं, पोचलं. प्राचार्य पुढे झुकले.

‘‘आवाज बढिया है. मशीन किस कंपनी का है?’’

विषय बंद झाला. त्याच्या जागी ‘कम्प्यूटर शिक्षण’ आलं, म्हणजे यंत्र चालू कसं करायचं आणि अर्ज कसा टाइप करायचा. त्या वर्गावर देखरेखीला ताईंना नेमलं. त्यांनी राजीनामा दिला. मला एवढंच म्हणाल्या, ‘‘प्रभाकरराव, न कळणं मी समजू शकते. यांना न कळण्याचा अभिमान आहे.’’ मग घरच्या माडीवरच्या खोलीत, भिंतीवर काळा रंग देऊन फळा केला आणि शिकवायला लागल्या. येणाऱ्या दोन-तीन मुलीच. दूधविनायक मोहल्ल्यातली रेखा त्यातली पहिली. ती आता बंगलोरला टेलिफोनच्या प्रयोगशाळेत आहे.

शोकसभेला तीही आली होती. प्राचार्यांनी तिला मंचावर बोलावलं. ‘‘ये हमारे कॉलेज की देन है.’’

रेखा शांतपणे म्हणाली, ‘‘सर, मेरे दाखिले से पहले ही आपने विषय बंद कर दिया था. मैंने दीदी के घर पर पढ़ा है.’’

टाळ्या तरीही वाजल्या. ऐकत कोण होतं म्हणा.

तिथून आम्ही दोघं ताईंच्या खोलीवर गेलो. फळ्यावर त्यांचं अक्षर होतं. तेवढ्यात दारात दोन मुली दिसल्या. क्लास नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण नेहमीच्या वेळेला पाय इकडेच वळले, म्हणाल्या.

‘‘कुठपर्यंत आलं होतं?’’ रेखानं विचारलं.

‘‘अर्धी सिद्धता राहिली, दीदी.’’

‘‘मग बसा.’’

मी जिना उतरलो. गल्लीत येईपर्यंत वरून खडूचा आवाज ऐकू येत होता.