पोटातला पडदा आणि संक्रांतीचं हळदीकुंकू

बायकोच्या पोटात नळी बसवली तेव्हा मी सिस्टरशी भांडलो होतो. हिची मूत्रपिंडं कामातून गेलेली, अंगात पाणी साठलेलं, पाय इतके सुजलेले की चप्पल चढत नाही, आणि ती पोरगी मला सांगते की रोज हिच्या पोटात पिशवीभर पाणी सोडायचं.

मी म्हटलं, "बाई, हिला आधीच पाणी झालंय. त्यात तुम्ही आणखी ओतता?"

मी सारा जन्म पंचवटीत भाजी विकली. शाळा थोडकीच. पण मलूल मेथीवर पाणी मारलं की ती ताठ होते, एवढं मला ठाऊक. पाणी पानात शिरतं. तसंच बायकोचं होणार, ती टरटरून फुगणार, असं माझं डोकं चाललेलं.

सिस्टर चिडली नाही. तिनं विचारलं, कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून ठेवलं तर काय होतं. मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून बायको बोलली, "पाणी सुटतं. ह्यांना काय विचारता, ह्यांनी काकडी फक्त विकली."

मग सिस्टर तिलाच सांगत बसली, मी ऐकत राहिलो. पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. चाळणीसारखा, पण भोकं डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक. त्याच्या एका बाजूला आपलं रक्त, दुसऱ्या बाजूला पिशवीतलं पाणी. ते पाणी साधं नसतं, साखरेचं असतं. मीठ काकडीतलं पाणी ओढतं, तशी ही साखर अंगातलं पाणी पडद्यातून पोटात ओढते. मग ते नळीनं बाहेर काढायचं. रक्तातली घाणही त्याच वाटेनं येते. तिला ओढावं लागत नाही. तिकडं दाटी आणि इकडं मोकळं, म्हणून ती आपोआप पसरत येते. बायको लगेच म्हणाली, खारातली कैरी साध्या पाण्यात टाकली की खारटपणा पाण्यात उतरतो, तसंच की. सिस्टर म्हणाली, अगदी तसंच. फक्त वेळ पाळायची. पाणी पोटात जास्त वेळ राहिलं तर साखरही हळूहळू पडदा ओलांडून अंगात जाते. मग ओढ संपते, आणि आलेलं पाणी परत फिरतं.

घरी आल्यावर ते काम माझ्याकडं आलं. खिडक्या लावायच्या, पंखा बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत साबण. बायको म्हणायची, एवढे हात तुम्ही आपल्या लग्नातसुद्धा धुतले नव्हते. पिशवी टांगायला भिंतीत खिळा हवा होता, तिथला देवाचा फोटो मी शेजारी सरकवला. काढलेलं पाणी भाजी तोलायच्या स्प्रिंगच्या काट्यावर लटकवून बघायचो. घातलं त्यापेक्षा जास्त आलं की तिला सांगायचो, आज धंदा चांगला झाला.

गेल्या श्रावणात ती गेली. पडदा थकला होता, असं डॉक्टर म्हणाले. घरात आता कुणी टोमणे मारत नाही. पण तिचं दुखणं आठवायला बसलो की मला तिची शेवटची संक्रांत आठवते.

आजारपणामुळं तिचं हळदीकुंकू बंद पडलं होतं. त्या वर्षी तिनं ठरवलं, करायचं. मी नाही म्हटलं. गर्दी होईल, कुणाला सर्दी असेल, कुणाला खोकला. शिवाय हिला पाणीसुद्धा मोजून प्यायचं, आणि आलेल्या बाईला चहा दिला की ही सोबत म्हणून घोटभर घेणार. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बायका दारातून तब्येत विचारून जातात तेव्हा मी आजारी असते," ती म्हणाली. "आत येऊन बसल्या तर मी ह्या घरची बाई असते. एक दिवस होऊ द्या तसं."

मी तयार झालो. दिवेलागणीला पिशवी बदलायची, तोवर उरकायचं, एवढंच कबूल करून घेतलं. पण हळदीकुंकवाला बायका येतात त्याच मुळी दिवेलागणीला. आलेली बाई बसल्याशिवाय जात नाही, आणि बसलेल्यांना सोडून घरची बाई उठत नाही. मी आतून खुणा केल्या. तिनं बघितलंच नाही. शेवटी मास्क लावून तसाच बाहेर गेलो.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, बायकांत तुमचं काय काम?"

"हिच्या पोटातलं पाणी काढायचंय. उठा आता सगळ्या."

बायकोनं समोरच्या बाईला कुंकू लावलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बसा गं. मंडईची सवय त्यांना, अंधार पडला की माल उचलायची घाई."

हसल्या सगळ्या. मी आत आलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पिशवी गरम करून ठेवली होती, ती गार पडू नये म्हणून शालीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि खाटेवर बसलो. बाहेर ती कुणाला माहेर विचारत होती, कुणाच्या साडीचा पोत बघत होती. तिचा आवाज किती दिवसांनी दुसऱ्या खोलीतून ऐकू येत होता. मी परत हाक मारली नाही.

शेवटची बाई गेल्यावर ती भिंत धरत आत आली. धाप लागलेली, चेहरा उतरलेला. पाणी काढायला घेतलं तर बारीक धार. काट्याला लावलं.

"किती?" तिनं विचारलं.

"कमी. घातलं त्याच्यापेक्षा कमी."

"म्हणजे साखर अंगात गेली?"

"गेली."

ती म्हणाली, "डॉक्टरांनी तिळगूळ बंद केला होता माझा. बघा, पोचलाच."

मी सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, जास्त साखरेची पिशवी दिलीय ती लावा, आणि त्यांना आडवं होऊ देऊ नका, धाप वाढली तर लगेच घेऊन या. मी पिशवी लावली, हिच्या पाठीला उशा दिल्या, तरी ती कलायला लागली, म्हणून मागं जाऊन स्वतःच टेकू दिला.

"आज तरी गोड बोला," ती म्हणाली.

मला कुठं येतं तसलं. मी म्हटलं, "सरळ बस. नळी दुमडतेय."

ती हसली, तिची पाठ माझ्या छातीवर हलली, आणि ती सरळ बसली. पाणी परत काढायची वेळ होईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. काढलं तेव्हा पिशवी चांगली जड लागली हाताला. काट्याला लावायच्या आधीच मी तिला सांगितलं, आज धंदा चांगला झाला.