वखारीचा काटा

आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. गल्लीतले लोक आपापले रिपोर्ट माझ्याकडंच वाचायला आणतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू.

कॅन्सर निघाला म्हणून सोलापुरात माझं प्रोस्टेट काढलं. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं. पीएसएचा आकडा शून्याला चिकटून राहिला पाहिजे. चढायला लागला तर दुखणं परतलं असेल, ही धास्ती. सोलापूरचा कागद दर वेळी एकच सांगायचा : ०.०१ पेक्षा कमी.

यंदा सोयाबीनची काढणी आली. दिवस मोडायला नको म्हणून उमरग्यातच रक्त दिलं. मोबाईलवर रिपोर्ट आला : ०.१ पेक्षा कमी.

दहा पट! डॉक्टरांना फोनसुद्धा केला नाही. मला वाचता येत होतं की. दोन दिवस घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी बायको ताटासमोरच बसली. "अवं, काय झालंय? रिपोर्ट आलाय न्हवं?"

"तुला न्हाय कळायचं."

"न्हाय कळत म्हणून तर इचारते."

सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मागं कुठं तपासलंवतं?"

"सोलापूरला."

"आन् आता उमरग्याला. व्हय?" ती म्हणाली, "सोनाराच्या काट्याला गुंज कळती. लाकडाच्या वखारीत काटा किलोच्या खाली हलतच न्हाय. म्हणून काय गुंजेचं किलो झालं?"

मी मोबाईलवर रिपोर्ट परत उघडला. मग म्हणाली, "लावा फोन डॉक्टरला. का त्यालाबी न्हाय कळायचं?"

डॉक्टर हसले. "तिथल्या मशीनला ०.१ च्या खालचं दिसतच नाही. वाढलंय असं त्यावरून म्हणता येत नाही. नेहमीच्या ठिकाणी एकदा रक्त द्या, म्हणजे मनात राहणार नाही."

काढणी पुढं ढकलली, सोलापूर गाठलं. कागद आला : ०.०१ पेक्षा कमी. तिथंच स्टँडवर मी दोन प्लेट भजी खाल्ली आणि घरी फोन लावला. पलीकडनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. "या आता लवकर. सोयाबीन तडकायला लागलंय."

परवा शेजारचे काका साखरेचे दोन रिपोर्ट घेऊन आले. चष्मा लावायच्या आधीच मी विचारलं, "काका, दोन्ही एकाच लॅबचे हायत का?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला आणि ती खुदकन हसली.