दशांशानंतरचा तिसरा आकडा

ज्ञानोबा सरांना मी प्रथम भेटलो ते चाकणच्या आमच्या कंपनीत, मुलाखतीला. गाड्यांचे सुटे भाग मोजणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या विभागाचे ते प्रमुख होते. मी मारुंजीच्या भाड्याच्या खोलीतून आलेला उमेदवार. त्यांनी एकच विचारले, "यंत्रानं मोजल्याली संख्या आन् पडद्यावर दिसनारा आकडा, दोन्ही एकच का?" मी छाती फुगवून "हो" म्हणालो. सर हसले. "न्हाई. पर शिकशील."

माणच्या शेतकरी घरातले सर शिकून मोठे झाले, पण बोली त्यांनी सोडली नाही. वरच्या साहेबांना ती परदेशी पाहुण्यांसमोर खटकायची. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या चुका मात्र सरच निस्तरायचे. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या आठवड्यात त्यांनी माझे सगळे काम स्वतः केले आणि कुठे वाच्यताही केली नाही.

लांबलचक दशांश संख्येला पडद्यावर वाचता येईल असा मजकूर करणे, हे काम आमच्याकडे नवख्यांना देत. ग्राहकाला दोनच दशांश हवे होते. मी तसा मजकूर केला आणि भाग पास की नापास, हेही त्या मजकुरावरूनच ठरवले. माझ्या प्रोग्रामच्या तपासणीत सरांनी शेरा लिहिला: 'दाखवताना आकडा गोल करावा, ठरवताना मूळ संख्या घ्यावी.' मी आळस केला. 'दुरुस्त केले' अशी खूण केली आणि काहीच केले नाही. त्या खुणेवर विसंबून सरांनी सही केली.

साडेबारा मिलिमीटरच्या वर चालणार नाही अशी दांडी १२.५०४ भरली. पडद्यावर आले १२.५०, पास. अशा दांड्यांच्या पेट्याच्या पेट्या ग्राहकाकडे गेल्या आणि तशाच परत आल्या.

बैठकीत साहेबांनी विचारले, "हे काम कुणाचं?" मी समोरच्या वहीत तारीख गिरवत राहिलो. सर म्हणाले, "तपासणीवर सही माझी हाय. माझंच समजा." साहेबांना निमित्तच हवे होते. सरांचे प्रमुखपद काढून त्यांना प्रशिक्षणाच्या खोलीत बसवले गेले.

जिन्यात मी त्यांना गाठले. "सर, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"ते तुझं तू सांगायचं आसतं. आज न्हाई जमलं, उद्या सांग."

तो उद्या बारा वर्षे आला नाही. सर निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत राहिले. त्यांच्या खुर्चीत आज मी बसतो. मला माझी लाज वाटते, आणि आता सरांच्या साठीच्या सत्काराला हारतुरे घेऊन पुढे सरसावलेल्या साहेबांचा संतापही येतो.

त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातला सरांचा परिचय सत्कार समितीने तपासायला माझ्याकडेच दिला. त्यात लिहिले होते, 'सरांनी स्वेच्छेने प्रशिक्षणाची वाट निवडली.' ते वाक्य मी खोडले आहे. यावेळी 'दुरुस्त केले' ही खूण खरी आहे. समितीला चालणार नसेल, तर माझा लेखही वगळावा.

सर, आपली तब्येत ठणठणीत राहो, माणच्या घरी नातवंडांच्या गलबल्यात आपण शंभरी गाठावी, ही मनापासून इच्छा. पण त्या खोलीतली बारा वर्षे आपल्या आयुष्यात धरू नका. ती मी खाल्ली आहेत.